दोघांनी मिळून छोटी आर्ट गॅलरी चालवायची असेल तर आधी हे ठरवा

गॅलरी काढायची म्हटलं की लोक आधी जागा बघत सुटतात. जागा नंतर बघा, आधी पार्टनरसोबत एक अख्खा दिवस बसा आणि पैशाचं सगळं लिहून काढा, आणि त्यातही पहिल्यांदा आर्टिस्टच्या पैशाचं. छोट्या गॅलरीत बहुतेक काम कन्साइनमेंटवर येतं, म्हणजे चित्र तुमच्या भिंतीवर पण मालकी आर्टिस्टचीच, विकलं गेलं तर ठरलेला वाटा तुम्हाला आणि नाही गेलं तर चित्र परत. वाटा बऱ्याच ठिकाणी ५०-५० असतो, पण अर्धे म्हणजे नेमके कशाचे अर्धे हे कुणी आधी बोलत नाही आणि मग तिथेच वाजतं. फ्रेमचा खर्च आधी वजा होणार का, ट्रान्सपोर्ट आणि इन्शुरन्स कोणाचा, गिऱ्हाईकाने डिस्काउंट मागितला तर तो दोन्ही वाट्यांतून जाणार की फक्त गॅलरीच्या, आर्टिस्टने शो चालू असताना स्टुडिओतून थेट विकलं तर काय, आणि विक्री झाल्यावर किती दिवसांत त्याला पैसे मिळणार, हे सगळं ॲग्रीमेंटमध्ये साध्या भाषेत हवं. प्रिंट किंवा फोटो असतील तर एडिशन कितीची (म्हणजे एकूण किती प्रती काढणार) आणि आर्टिस्ट प्रूफ (त्याशिवाय आर्टिस्टने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती) किती तेही लिहा, नंतर त्यात बदल करायचा नाही म्हणजे नाही.

विक्रीच्या पैशासाठी वेगळं खातं उघडा आणि पैसे काढायला दोघांच्या सह्या लागतील असं ठेवा. कितीही तंगी असली तरी भाडं किंवा लाईटबिल त्यातून भरायचं नाही, कारण "आत्ता वापरू, पुढच्या विक्रीतून भरून टाकू" हे एकदा सुरू झालं की मागच्या आर्टिस्टचे पैसे पुढच्या आर्टिस्टच्या चित्रातून द्यायची वेळ येते आणि त्यातून बाहेर येणं फार कठीण असतं. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चित्रकार दोन-दोन वर्षं एका शोसाठी काम करतो, त्याला स्वतःच्या पैशासाठी फोन करायला लागू नये.

आता पार्टनरचं. एकाने आर्टिस्टशी बोलायचं, दुसऱ्याने गिऱ्हाईकांशी, असं सरळसोट वाटप कागदावर छान दिसतं पण माझ्या मते पूर्ण तसं करू नका, कारण मग एकाला चित्रं कळतात आणि दुसऱ्याला फक्त हिशोब. दोघांनीही स्टुडिओत जायचं आणि दोघांनीही इन्व्हॉइस करायला शिकायचं. आर्टिस्टला कायमचं रिप्रेझेंट करायचं असेल, म्हणजे त्याचं काम नेहमीच गॅलरीतर्फे दाखवायचं आणि विकायचं असेल, तर दोघांचाही होकार पाहिजे, पण वर्षातला एक-एक शो प्रत्येकाने स्वतःच्या पसंतीने करायचा आणि त्यात दुसऱ्याने वाद घालायचा नाही. नाहीतर दोघांनाही चालेल असंच काम भिंतीवर लागतं आणि ते हळूहळू सगळं सारखं दिसायला लागतं. किंमत मात्र कोणीही कुठेही सांगितली तरी एकच असायला हवी, त्यासाठी एकच प्राईस लिस्ट, एकच शीट, आणि होल्ड, म्हणजे गिऱ्हाईकासाठी राखून ठेवलेलं चित्र, कोणी कोणासाठी किती तास ठेवलाय ते त्यातच. चित्र विकलं गेल्याची खूण असलेला लाल ठिपका विक्री पक्की झाल्यावरच लावा, "बहुतेक घेतील" वर लावू नका.

चित्रं आली की घाईत उघडू नका. एकाने बघायचं, दुसऱ्याने लिहायचं. टॉर्च भिंतीला घासून मारल्यासारखा बाजूने तिरका धरला की कॅनव्हासवरचा दाब, उडालेला रंग, बारीक तडा लगेच दिसतो, त्याचा फोटो काढून कंडिशन रिपोर्टमध्ये, म्हणजे चित्र कुठल्या अवस्थेत आलं त्याच्या नोंदीत, टाका आणि त्याच दिवशी आर्टिस्टला पाठवा. परत पॅक करताना बबल रॅप थेट रंगावर लागता कामा नये, बुडबुड्यांचे ठसे उमटतात, आधी ग्लासीन पेपर (गुळगुळीत, पातळ कागद) आणि मगच रॅप, तेही बुडबुडे बाहेरच्या बाजूला.

टांगायचा हिशोब सोपा आहे पण लोक अंदाजे करतात. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवतात, आपण ५८ धरू. चित्र ४० इंच उंच असेल तर त्याचं अर्ध २०, आणि मागची तार ताणून धरल्यावर वरच्या कडेपासून ४ इंच खाली येत असेल तर हूक ५८ अधिक २० वजा ४, म्हणजे ७४ इंचांवर. मोठ्या चित्राला दोन हूक लावा, मग ते तिरकं होत नाही. पण हूक ठोकायच्या आधी सगळी चित्रं भिंतीला टेकवून एक रात्र तशीच राहू द्या आणि सकाळी दोघांनी वेगवेगळं येऊन बघा, शेजारी कोण कोणाला मारतंय ते तेव्हा कळतं. आणि दोन चित्रं कमी लावायची हिंमत ठेवा, मोकळी भिंतपण शोचाच भाग असते. लाईट कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं माप), ऑइलला १५० ते २०० पुरतो, एलईडी ९० च्या वर सीआरआयचा (लाईटमध्ये रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) घ्या नाहीतर लाल रंग मेलेला दिसतो, आणि थेट ऊन कुठल्याच चित्रावर नको.

ओपनिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही, एकाने दाराशी राहायचं आणि एकाने आर्टिस्टजवळ, बस. खरी विक्री बऱ्याचदा नंतरच्या शांत दुपारी होते, त्यामुळे गॅलरी उघडी असते त्या वेळेत दोघांपैकी एक जण तिथे असलाच पाहिजे.

शेवटचं, वेगळं व्हायची वेळ आली तर काय हे मैत्री चांगली असतानाच लिहून ठेवा. लिओ कास्टेली आणि त्याची बायको इलियाना (नंतरचं आडनाव सोनाबेंड) यांनी १९५७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या राहत्या घरात गॅलरी सुरू केली, १९५९ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला, तरी १९६२ मध्ये इलियाना सोनाबेंडने पॅरिसला स्वतःची गॅलरी उघडली तेव्हा कास्टेलीकडच्या जास्पर जॉन्ससारख्या कलाकारांचं काम ती तिथे दाखवत राहिली. सगळ्यांचं असं जमेलच असं नाही, म्हणून कन्साइनमेंटची चित्रं वाटणीत धरायची नाहीत, ती सरळ आर्टिस्टकडे परत जाणार, गॅलरीने स्वतः विकत घेतलेली कामं कोणाला, नाव कोण वापरणार, गिऱ्हाईकांची यादी दोघांकडे राहणार का, आणि ज्यांचे शो आधीच ठरलेत ते कोण पूर्ण करणार, एवढं तरी सह्यांसकट लिहा आणि त्याची एक प्रत आर्टिस्टना मागितली तर दाखवता येईल अशी ठेवा.