मोटारीजवळ वेल्डिंग? आधी अर्थ कुठे लावलाय ते बघा

साखर कारखान्याचा हंगाम संपला की केन कॅरिअर, एलिव्हेटर, पंपांचे बेस, सगळीकडे वेल्डिंगची कामं निघतात. मेंटेनन्सला असल्यामुळे मी कुठल्याही कामावर गेलो की आधी अर्थचा क्लॅम्प, म्हणजे वेल्डिंगचा करंट मशीनकडे परत नेणाऱ्या केबलचा चिमटा, शोधतो. मोटारी आणि बेअरिंगं वाचतात ती तिथेच.

चार एमएमच्या रॉडला दीडशेच्या आसपास अँपिअर करंट लागतो. तेवढाच करंट परत मशीनकडे जाणार, आणि जी वाट मिळेल तिने जाणार. रॉड शाफ्टवर आणि क्लॅम्प फ्रेमला असेल, तर मधली वाट बेअरिंगची. असं बेअरिंग उघडून बघा: रेसवर (रोलर ज्यावर फिरतात त्या कड्यावर) काळपट, वितळलेले बारीक ठिपके दिसतात, बरोबर रोलर टेकले होते तिथे. त्या दिवशी काहीच कळत नाही, पुढे ऐन गाळपात घरघर सुरू होते.

म्हणून क्लॅम्प ज्या तुकड्यावर वेल्डिंग करायचं त्यालाच लावा, सांध्यापासून वीतभर अंतरावर. तिथला रंग आणि गंज ग्राइंडरने घासून लोखंड चकचकीत करा. शाफ्टवर काम असेल तर क्लॅम्प शाफ्टलाच, बेअरिंगच्या त्याच बाजूला. क्लॅम्प ढिला राहिला तर करंट मोटारीच्या अर्थिंगच्या वायरमधून फिरतो आणि ती वायर जळते.

मोटारीचा सप्लाय बंद करून कुलूप लावा. ड्राइव्ह (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) असेल तर मोटारीकडे जाणाऱ्या केबल ड्राइव्हपासून सोडवा, सेन्सरचे प्लग काढा. वजनकाट्यावर तर लोडसेल (वजन मोजणारे सेन्सर) काढल्याशिवाय रॉड टेकवूच नका. ते फार नाजूक असतात.

मोटार ग्लासफायबरच्या वेल्डिंग ब्लँकेटने झाका. ओलं गोणपाट नको, त्याचं पाणी टर्मिनल बॉक्समध्ये उतरतं. ताडपत्री ठिणगीने वितळते. ग्राइंडिंगचा कीसही तितकाच वाईट, तो पंख्याच्या जाळीतून आत ओढला जातो. वाइंडिंग (आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) उघडं असलेल्या मोटारीत तर थेट त्यावर बसतो.

काम झालं की ब्लँकेट आठवणीने काढा, नाहीतर मोटार तापेल. शाफ्ट हाताने फिरवून बघा. केबल ड्राइव्हपासून सुटलेल्या असतानाच 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) वाइंडिंग तपासा. 1 मेगाओमच्या खाली असेल तर चालू करू नका. आणि आसपास बगॅस (उसाचं चिपाड) पडलेला असेल तर पाण्याची पाइप घेऊन तासभर तरी एक माणूस तिथे थांबवा. बगॅस आतल्या आत धुमसत राहतो.