बायपासनंतर छातीच्या जखमेत इन्फेक्शन आणि डॉक्टर हायपरबेरिक ऑक्सिजन म्हणतायत? आधी हे वाचा

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा, हायपरबेरिक ऑक्सिजन (म्हणजे बंद चेंबरमध्ये बसून जास्त दाबाखाली ऑक्सिजन घेणं) ऑपरेशनच्या ऐवजी नाही, ऑपरेशनच्या जोडीने असतं. जखमेतून पू येतोय, ताप आहे, खोकलं की छातीचं हाड कटकट हलतंय असं वाटतं, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा. आत इन्फेक्शन असेल तर मेलेला भाग, खराब हाड, गरज पडली तर हाड बांधलेल्या आतल्या तारासुद्धा काढाव्या लागतात, मग व्हॅक्युम ड्रेसिंग (मशीनने जखमेतलं पाणी ओढून घेणारी पट्टी), काही आठवडे अँटिबायोटिक आणि बऱ्याचदा छातीच्या स्नायूचा फ्लॅप (म्हणजे तो स्नायू सरकवून जखम भरणं). मेलेल्या हाडात रक्तच पोचत नाही, तिथे कितीही ऑक्सिजन दिला तरी उपयोग नाही म्हणून साफसफाई आधी.

मग चेंबर कशाला? तर तिथे साधारण 2 ते 2.5 पट हवेच्या दाबाखाली 100 टक्के ऑक्सिजन घ्यायचा, तो थेट रक्ताच्या पाण्यात विरघळतो आणि जिथे रक्तपुरवठा कमी झालाय तिथपर्यंत जास्त पोचतो. पांढऱ्या पेशींना जंतू मारायला ऑक्सिजन लागतोच, नवीन रक्तवाहिन्या तयार व्हायलाही मदत होते. सेशन साधारण दीड तासाचं, आठवड्यात 5 दिवस, एकूण 20 ते 40. पुरावा मात्र लहान अभ्यासांचाच आहे, त्यामुळे कोणी गॅरंटी देत असेल तर सावध राहा.

सुरू करण्याआधी छातीचा एक्सरे झालाच पाहिजे. फुफ्फुसाबाहेर हवा साठली असेल (हार्टच्या ऑपरेशननंतर तसं होऊ शकतं) आणि ती काढलेली नसेल तर चेंबर अजिबात नाही, जीवाला धोका आहे. हार्टचं पंपिंग कमी असेल, पेसमेकर असेल, पूर्वी ब्लिओमायसिन (कॅन्सरचं एक औषध) घेतलं असेल तर न विचारताही सांगा. व्हॅक्युमचं मशीन आत नेत नाहीत, ते कोण काढणार आणि कोण परत लावणार हे आधीच ठरवून घ्या, आणि व्हॅसलिनवाली ड्रेसिंग असेल तर तेही सांगा.

डायबेटिस असेल तर पोटात काहीतरी खाऊन जा आणि आधी शुगर तपासा, आत ती खाली येऊ शकते. कपडे सुती, मोबाईल, लायटर, तेल, क्रीम, परफ्युम काही नको, आगीचा प्रश्न आहे. दाब वाढताना कानाला दडे बसले की गिळा किंवा नाक धरून हलकं फुंकायचं, पण छातीचं हाड अजून जुळलेलं नाही तर जोर लावू नका, दुखलं की लगेच चेंबरवाल्यांना सांगा, ते दाब थांबवतात.

बरीच सेशन झाल्यावर लांबचं धूसर दिसू शकतं, काही आठवड्यांत बहुतेक वेळा परत नीट होतं, तोवर नवीन चष्मा करू नका.