जुनी पिकअप सेल घेत नसेल तर आधी अर्थिंग बघा
माझी पिकअप 22 वर्षांची. थंडीत सेल मारला की नुसतं ‘कट्ट’ व्हायचं. बॅटरी बदलली, स्टार्टर उतरवून तपासला. दोष निघाला इंजिनपासून चासीला (गाडीच्या सांगाड्याला) जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या तारांच्या पट्टीत. म्हणून नवा पार्ट आणण्याआधी हे करा.

गाडी काही तास बंद उभी असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावून 12.6 व्होल्टच्या आसपास दिसलं, तर बॅटरी भरलेली आहे. आता मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी सेल मारायला सांगा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला हवाच. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आलं, तर अर्थिंग खराब.

निगेटिव्ह केबल आधी काढा, लावताना शेवटी लावा. उलट केलंत आणि पॉझिटिव्ह खोलताना पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. पट्टीचा बोल्ट खोलून खालचा गंज आणि रंग पॉलिश पेपरने घासा, अगदी चकचकीत धातू दिसेपर्यंत. माझ्या गाडीत कुणीतरी रंगावरच बोल्ट आवळला होता! टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, आवळा, वरून ग्रीस. पट्टीच्या तारा तुटल्या असतील तर ती बदलाच.