टॅब घ्यावा का लॅपटॉप, दुकानात जायच्या आधी एवढं बघून घ्या

जून लागला की आमच्या परभणीत ज्याच्या त्याच्या घरी हाच विषय असतो, लेकरू अकरावीला लातूरला चाललंय नाहीतर बारावी होऊन इंजिनिअरिंगला लागलंय, आता त्याला टॅब घ्यायचा का लॅपटॉप. आमच्याकडं तर दोन्ही एकदमच आलं. भाचा नीटच्या क्लासला लातूरला आणि भाची नांदेडला इंजिनिअरिंगला, दाजी म्हणले दोघांना सारखंच घेऊन टाकू, उगं भांडण नको. मी म्हणलं दाजी असं नका करू, दोघांचं काम एक नाही तर वस्तू एक कशी चालंल. दोन दिवस बसून ठरवलं तेव्हा ज्या गोष्टी बघितल्या त्या इथं लिहायलोय, कारण एवढे पैसे सोयाबीन विकून नाहीतर पगारातून साठवून आणलेले असतात, ते वाया जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

सगळ्यात आधी किंमत बघू नका, एक वही घ्या आणि लेकरू रोज त्या मशीनवर काय काय करणार ते लिहून काढा. लेकरालाच लिहायला लावा. मग एकेका कामापुढं लिहा की हे बघायचं-वाचायचं काम आहे का स्वतः काहीतरी बनवायचं, म्हणजे टाईप करायचं, प्रोग्राम लिहायचा, ड्रॉइंग काढायचं, हिशोब मांडायचा. बघायचं-वाचायचं जास्त निघालं तर टॅब, बनवायचं जास्त निघालं तर लॅपटॉप. निम्मं-निम्मं निघालं तर लॅपटॉपच घ्या, कारण लॅपटॉपवर लेक्चर बघता येतं पण टॅबवर सगळी कामं होत नाहीत.

भाच्याच्या वहीत काय निघालं, रेकॉर्डेड लेक्चर, पीडीएफ, ऑनलाईन टेस्ट, संपलं. नीट आजवर कागदावरच, गोल काळे करायच्या ओएमआर शीटवर होत आली, त्यामुळं त्याचा हात पेनावरच बसलेला पाहिजे. त्याच्या रूमवर मी गेलो तेव्हा बघितलं, लोखंडी कॉट, एवढंसं टेबल, त्यावर डब्याला टेकवून फोन उभा केलेला, लेक्चर थांबवायचं, रजिस्टरमधे गणित सोडवायचं, परत चालू करायचं. एवढ्याशा स्क्रीनवर सरांनी फळ्यावर लिहिलेलं वाचायला लेकरू डोळे बारीक करून बसलेलं. तिथं लॅपटॉप ठेवला असता तर रजिस्टर मांडीवर घ्यावं लागलं असतं. त्याला दहा-अकरा इंचाचा टॅब एकदम बरोबर.

जेईई मेन आणि सीईटीवाल्यांनी मात्र एक लक्षात ठेवा, त्या परीक्षा कॉम्प्युटरवर होतात, माऊस धरून. टॅबवर बोटानं टेस्ट देत राहिलं आणि परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा माऊस हातात आला तर वेळ जातो. टॅब घेतला तरी आठवड्यातून एक मॉक टेस्ट कुठंतरी कॉम्प्युटरवर बसून द्या, नेट कॅफेत का होईना.

भाचीचं उलटं. पहिल्याच वर्षी सी प्रोग्रामिंग, पुढं ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स अशी ड्रॉइंगची सॉफ्टवेअर, प्रोजेक्ट रिपोर्ट. टॅबवर सी चालवायचे ॲप मिळतात पण कॉलेजात जे पूर्ण सॉफ्टवेअर शिकवतात ते अँड्रॉइडवर बसत नाही, सॉलिडवर्क्सला तर विंडोजच लागतं. कॉमर्सवाल्यांचं हिशोबाचं सॉफ्टवेअर टॅली पण विंडोजवरचंच. टायपिंगची परीक्षा द्यायचीय तर खरा कीबोर्ड पाहिजेच, काचेवर बोटं मारून मराठी तीसचा, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांचा, स्पीड येत नसतो. तलाठी-पोलीस भरतीचा नुसता अभ्यास करणाऱ्याला टॅब पुरतो.

काही जण म्हणतात टॅब घेऊन त्याला कीबोर्ड जोडू. करून बघा हिशोब, टॅब, कव्हरवाला कीबोर्ड, पेन, हे सगळं मिळून साध्या लॅपटॉपच्या जवळ जातं, आणि सॉफ्टवेअर तर तेच अँड्रॉइडचं राहतं. मला हे पटत नाही.

आता लाईट. आपल्याकडं उन्हाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, गावाकडं तर शेड्युलच वेगळं. टॅब एका चार्जमधे दिवसभर लेक्चर दाखवतो आणि उतरला तर पॉवर बँकवर लावता येतो. लॅपटॉप जोरात वापरला की चार-पाच तासात खाली येतो आणि बऱ्याच लॅपटॉपला साधी पॉवर बँक चालत नाही, म्हणून घेताना टाईप-सी चार्जिंग आहे का विचारा. आणि मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो तेव्हा लॅपटॉप गोधडीवर ठेवून वापरू नका, खालून हवा घ्यायची जाळी बंद होते, मशीन तापतं आणि हळू पडतं. खाली पाट ठेवा, पुठ्ठा ठेवा, काही पण ठेवा.

नवा लॅपटॉप घेताना ८ जीबी रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) आणि ५१२ जीबी एसएसडी (फाईल साठवायची वेगवान डिस्क) याच्या खाली जाऊ नका, झेपत असंल तर १६ जीबी, नाहीतर रॅम नंतर वाढवता येते का एवढं तरी विचारून घ्या. टॅबला ६ जीबी रॅम, १२८ जीबी जागा बरी पडते, लेक्चर डाऊनलोड करून ठेवता येतात. सिमवाला टॅब थोडा महाग असतो पण रूमवर वायफाय नसंल आणि लेकराला फोन द्यायचा नसंल तर तोच घ्या.

सगळ्यात जास्त फसवणूक जुन्या लॅपटॉपमधे होते. मी स्वतः चार वर्षांपूर्वी ‘आय फाईव्ह आहे, एकदम टॉप’ असं ऐकून एक घेतला (आय फाईव्ह म्हणजे इंटेल कंपनीचा प्रोसेसर), घरी आल्यावर कळलं सहाव्या जनरेशनचा, म्हणजे जुन्या पिढीचा, आत जुनी हार्ड डिस्क, चालू व्हायला चहा उकळून व्हायचा. त्यावर विंडोज ११ बसलंच नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तर आय फाईव्ह एवढं ऐकून थांबू नका, त्याच्या पुढचा नंबर वाचा, इंटेलचा आठव्या जनरेशनच्या आधीचा असंल तर सोडून द्या. दुकानातच कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्सवर गेलं की रॅम किती आणि डिस्क एसएसडी का एचडीडी (जुनी हार्ड डिस्क) ते लिहिलेलं दिसतं. चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ लावून ठेवा, बॅटरी किती टक्के उतरली बघा. कीबोर्डची एकेक बटण दाबून बघा, कॅमेरा, चार्जिंगची पिन, सगळं. दुकानदार घाई करायला लागला तर चहा पिऊन परत या पण तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

शेवटी ताईनं भाच्याला टॅब घेतला, भाचीला लॅपटॉप, दाजींना वाटलं होतं तसं भांडण काही झालं नाही, दोघांनी आपापली वही स्वतःच लिहिली होती ना. बिलावरचा सिरीयल नंबर आणि मशीनवरचा नंबर दुकानातच जुळवून बघितला, आणि बिलाचा लगेच फोटो काढून तिघांच्या फोनवर ठेवला, कारण ते चकचकीत कागदावरचं बिल आपल्या उन्हाळ्यात सहा महिन्यात कोरं पडतं आणि वॉरंटीला तेच मागतात.