दोन परंपरांतल्या धार्मिक कथांची तुलना कशी करावी

विषय आधी लहान करून घ्यावा. ‘हिंदू आणि ख्रिस्ती धर्मांची तुलना’ हा अभ्यासाचा विषय होऊच शकत नाही. दोन्हीकडे शेकडो पंथ आहेत आणि हजारो वर्षांचा पसारा आहे. ‘शतपथ ब्राह्मणातली मनूची कथा आणि बायबलच्या उत्पत्ती पुस्तकातली नोहाची कथा’ हा मात्र हाताशी येणारा विषय आहे. शतपथ ब्राह्मण हा यज्ञाचा अर्थ सांगणारा वैदिक ग्रंथ, आणि दोन्ही कथा महापुरातून नौकेने वाचलेल्या माणसाच्या आहेत. तुलना कथेची कथेशी आणि विधीची विधीशी करावी. एका परंपरेचा ग्रंथातला आदर्श आणि दुसरीचं रोजचं आचरण समोरासमोर ठेवलं, तर निकाल आधीच ठरलेला असतो. ही चूक फार जणांकडून होते, आणि बहुतेक वेळा ज्याचा आदर्श घेतला जातो तो आपलाच धर्म असतो.

मराठीत लिहिताना आणखी एक अडचण येते. राजधर्म, शेजारधर्म, दानधर्म यांतला ‘धर्म’ आणि ‘धर्मांचा अभ्यास’ यातला ‘धर्म’ एक नव्हे. म्हणून आपण काय तपासणार ते वहीच्या पहिल्या पानावर एका वाक्यात लिहून ठेवावं. धर्मांचे अभ्यासक निनियन स्मार्ट यांनी धर्माची सात अंगं मांडली: विधी, कथा, अनुभव, तत्त्वविचार, नीती, संघटना आणि वस्तू-वास्तू. त्यांतलं एक, फार तर दोन निवडावीत.

आता साधनं. मनू आणि नोहा यांच्या जोडीला गिल्गमेश या प्राचीन मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) महाकाव्याची अकरावी मृत्पट्टिका घ्यावी, तिच्यातही पूरकथा आहे, कारण तीन बाजू असल्या की घाईचे निष्कर्ष आपोआप अडतात. प्रत्येक साधनाबद्दल चार गोष्टी नोंदवाव्यात: भाषा, अंदाजे रचनाकाळ, हाती असलेली सर्वांत जुनी प्रत, आणि मजकूर कोणासाठी रचला गेला. रचना आणि प्रत यांची गल्लत करू नये. गिल्गमेशच्या प्रसिद्ध पट्टिका निनवेच्या इसवी सनपूर्व 7व्या शतकातल्या ग्रंथालयातून मिळाल्या, पण हीच पूरकथा सांगणारं तिथलंच अत्राहसिस काव्य त्यांच्याहून जवळपास हजार वर्षं जुनं आहे. शतपथ तर मौखिक परंपरेने जपलं गेलं, त्यामुळे हस्तलिखिताच्या वयावरून ग्रंथाचं वय निघत नाही.

मूळ भाषा येत नसेल तर किमान दोन अनुवाद शेजारी ठेवून वाचावेत आणि जिथे ते वेगळे पडतात तिथला मूळ शब्द शोधावा. नोहाच्या तारवासाठीचा (नौकेसाठीचा) ‘तेवा’ हा हिब्रू शब्द बायबलमध्ये आणखी एकाच ठिकाणी येतो: बाळ मोशेला नदीत ठेवलं त्या पेटाऱ्यासाठी. अनुवादात सहसा दोन वेगळे शब्द पडतात आणि हा धागा दिसतच नाही.

मग तक्ता आखावा. उभे तीन रकाने, आडव्या दहा-बारा ओळी: इशारा कोण देतं, प्रलयाचं कारण, नौका, सोबत कोण, नौका कुठे टेकते, पक्षी, नंतरचा यज्ञ, पुढे काय होतं. प्रत्येक चौकटीत श्लोक किंवा ओळीचा क्रमांक लिहावाच. साधन एखाद्या गोष्टीबद्दल गप्प असेल तर ‘उल्लेख नाही’ असं लिहावं, रिकामी जागा सोडू नये. ‘कारण’ या ओळीतच याचं महत्त्व कळतं. उत्पत्तीत माणसांची दुष्टाई आहे, अत्राहसिसमध्ये माणसांचा गोंगाट आहे, शतपथात कारणच दिलेलं नाही. तिथे ‘पाप’ लिहिलं, तर ते आपण घातलेलं असतं.

इथेच दुसरी मोठी चूक होते, ती म्हणजे एकाच परंपरेतल्या वेगवेगळ्या काळच्या कथा मिसळणं. सप्तर्षी आणि बियाणं घेऊन नौकेत चढणारा मनू महाभारताच्या वनपर्वातला आहे. शतपथातला मनू एकटा आहे. वनपर्वातला मासा आपण ब्रह्मा असल्याचं सांगतो, पुराणांत तो विष्णू होतो, शतपथात तो कोणत्याच देवाचं नाव घेत नाही. बायबलचा मजकूरही एकसंध मानू नये. उत्पत्ती 6:19 (अध्याय 6, ओवी 19) मध्ये प्राण्यांची जोडी-जोडी आहे, 7:2 मध्ये शुद्ध प्राण्यांच्या सात-सात. यावरून बहुतेक अभ्यासक तिथे दोन स्रोत गुंफलेले मानतात.

साम्य दिसलं की त्याचं कारण तीन ठिकाणी शोधावं: प्रत्यक्ष संपर्क, सारखी परिस्थिती, की आपल्याच तक्त्यातल्या ओळींची ठेवण. संपर्क म्हणायचा तर बारीक आणि सहज न सुचणारा तपशील जुळायला हवा. गिल्गमेशमध्ये कबुतर, पाकोळी, कावळा असे पक्षी सोडले जातात. उत्पत्तीत आधी कावळा आणि मग कबुतर. दोन्हीकडे पुढे यज्ञ होतो आणि त्याचा सुगंध वर पोचतो. शिवाय बायबलच्या भूमीतल्या, आजच्या इस्रायलमधल्या मेगिद्दो इथे गिल्गमेशच्या पट्टिकेचा तुकडा सापडला आहे, म्हणजे काव्य त्या प्रदेशात माहीत होतं. इथे संपर्काचं म्हणणं भक्कम आहे. मनूच्या कथेत पक्षी नाहीत, तिथे शिंगाला नौका बांधून ओढणारा मासा आहे. नुसता पूर आणि नौका यांवरून ‘सगळ्यांचं मूळ एक’ असं म्हणता येत नाही.

वर्णन आणि स्पष्टीकरण वहीत वेगळ्या पानांवर ठेवावं. वर्णन असं असावं की त्या परंपरेतल्या माणसाला ते आपलं वाटेल. स्पष्टीकरण त्याला पटेलच असं नाही. कथा खरी की खोटी, हा प्रश्न या वहीत येत नाही.

शेवटची ओळ तक्त्यात मुद्दाम घालावी: ही कथा तिथे काय काम करते? गिल्गमेशला ती सांगितली जाते, कारण तो अमरत्व मागायला आला आहे आणि ते त्याला मिळणार नाही. नोहाची कथा मेघधनुष्याच्या कराराशी संपते. शतपथात मनू पाण्यात तूप, दही अर्पण करतो, त्यातून इडा नावाची स्त्री प्रकट होते, आणि यज्ञातल्या इडा नावाच्या विधीचा अर्थ उलगडतो. त्या ग्रंथाला सांगायचं आहे ते इडेबद्दल. ‘प्रलयकथा’ हे नाव आपलं आहे, म्हणून लेखाचं शीर्षक या टप्प्यावर पुन्हा एकदा तपासून घ्यावं.