‘निष्कर्ष काढता येत नाही’: जनावरांच्या रोगनिदानासाठी नमुने घेताना या चुका टाळा

अरुंद तोंडाची काचेची बाटली. आत यकृताचा मुठीएवढा तुकडा आणि भोवती जेमतेम बोटभर फॉर्मॅलिन (ऊतक कुजू न देता टिकवणारं द्रावण). कोंबताना तुकडा मऊ होता म्हणून आत गेला. आता तो घट्ट झालाय आणि बाटली फोडल्याशिवाय बाहेर येणार नाही. काढून मधोमध चिरला की बाहेरची चार-पाच मिलिमीटरची कड राखाडी, रबरासारखी. आतला गाभा लालसर, लिबलिबीत, वास मारणारा. रिपोर्टात एकच ओळ येते: ‘ऊतक कुजलेले, निष्कर्ष काढता येत नाही.’ मग प्रयोगशाळेला नावं ठेवली जातात. खरं तर झाकण लागलं तेव्हाच त्या तुकड्याचा निकाल लागलेला असतो.

खालच्या बहुतेक चुका याच जातीच्या आहेत. त्या मायक्रोस्कोपखाली होत नाहीत, मेलेल्या जनावराशेजारी उकिडवं बसून होतात.

सुरी लावण्याआधी

धडधाकट जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येतंय, अंग नीट ताठरलेलं नाही, पोट झपाट्याने फुगलंय. अशा वेळी शवविच्छेदन करायचंच नाही. काळपुळीचे (अँथ्रॅक्सचे) जंतू बंद शवात, कुजण्याच्या प्रक्रियेत मरतात. शव उघडलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यांचे बीजाणू बनतात आणि ते मातीत कैक वर्षं टिकतात. रक्त दिसत नाही म्हणून काळपुळी नाही, असंही धरू नका. प्रत्येक शवात ही लक्षणं दिसतातच असं नाही.

हातमोजे घालून कानाच्या शिरेत सुई टोचा, एका थेंबाच्या दोन काचपट्ट्या करा आणि टोचलेल्या जागी जंतुनाशकात भिजवलेला बोळा दाबून ठेवा. पॉलिक्रोम मिथिलीन ब्लूने रंगवल्यावर निळ्या, चौकोनी टोकांच्या जंतूंच्या साखळीभोवती गुलाबी आवरण दिसलं पाहिजे. नुसते मोठे दांडके दिसले म्हणून काळपुळी म्हणू नका. शव जुनं असेल तर आतड्यातून रक्तात उतरलेले कुजवणारे जंतूही तसेच दांडक्यासारखे दिसतात, फक्त त्यांना ते गुलाबी आवरण नसतं. डुकरात आणखी एक अडचण असते. त्याच्यात आजार बरेचदा घशाच्या गाठींपुरता राहतो, त्यामुळे रक्ताची काचपट्टी कोरी आली तरी शंका फिटत नाही.

दुसरी जागा रेबीजची. लाळ गळणारी, गिळता न येणारी गाय दिसली की ‘घशात काही अडकलंय’ म्हणून तोंडात हात घालणं ही या धंद्यातली सगळ्यात महाग चूक. वेगळं वागणं, बदललेला आवाज, मागचा भाग लुळा पडणं यातलं काहीही सोबत असेल तर आधी रेबीजचा विचार करा. जनावर मेलं तर आधी लस घेतलेल्या माणसानेच मेंदू काढावा. मेंदूचा देठ आणि लहान मेंदू हे दोन भाग नमुन्यात हवेतच. नेहमीच्या फ्लुरोसंट अँटिबॉडी चाचणीसाठी ताजा, बर्फावर थंड ठेवलेला मेंदू लागतो. अख्खा मेंदू फॉर्मॅलिनमध्ये बुडवलात तर ती सरळ चाचणी हातची जाते. नेग्री बॉडीज (रेबीजमध्ये मेंदूच्या पेशींत दिसणारे ठिपके) दिसल्या नाहीत म्हणजे रेबीज नाही, हा समज अजूनही कानावर येतो. त्या दिसल्या तर पुरावा, न दिसल्या तर काहीच सिद्ध होत नाही.

मेल्यानंतरचे बदल आजार म्हणून लिहू नका

शवविच्छेदनाच्या नोंदीत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. जनावर ज्या कुशीवर पडलेलं असतं त्या बाजूच्या फुफ्फुसात रक्त उतरतं आणि ते गडद लाल दिसतं. लगेच ‘न्यूमोनिया’ लिहून मोकळे होऊ नका. बोटाने दाबा. मऊ, स्पंजासारखं लागलं आणि कापलेला तुकडा पाण्यावर तरंगला तर ते नुसतं उतरलेलं रक्त. जंतूंमुळे होणारा नेहमीचा न्यूमोनिया बहुतेक वेळा फुफ्फुसाच्या पुढच्या-खालच्या टोकांना असतो, हाताला यकृतासारखा घट्ट लागतो आणि त्याचा तुकडा बुडतो.

यकृताचा आतड्याला टेकलेला भाग हिरवट-काळा झालेला दिसतो. तो सडण्यातून निघालेल्या हायड्रोजन सल्फाइडचा आणि रक्तातल्या लोहाचा रंग आहे, विषबाधा नव्हे. पित्ताशयाच्या आसपासचा पिवळा-हिरवा डाग म्हणजे झिरपलेलं पित्त. कोठीपोटाचं अस्तर सालीसारखं सुटतं, तेही मेल्यावर काही तासांत आपोआप होतं; साल सुटली म्हणून दाह लिहायचा नाही, खालचा थर लाल, सुजलेला आहे का ते बघायचं. हृदयातली गुठळी चकचकीत, लवचिक, भिंतीला न चिकटलेली असेल तर ती मेल्यानंतरची. जिवंतपणी झालेली गुठळी निस्तेज, ठिसूळ असते आणि ओढून काढली की भिंत खरबरीत उरते.

पोटफुगीबद्दल थोडं सविस्तर, कारण मेलेलं रवंथ करणारं जनावर फुगतंच. पोटफुगीनेच मेलं का, याचं उत्तर पोटात नाही, अन्ननलिकेत मिळतं. ती मानेपासून छातीपर्यंत सलग उघडा. मानेतला भाग रक्ताने भरलेला, लाल आणि छातीतला भाग फिकट, दोघांमध्ये स्पष्ट सीमारेषा असेल तर फुगीचा दाब जिवंतपणी पडलेला आहे. शव फार जुनं झालं की ही रेषाही पुसट होते. आतड्यात आतडं शिरलेलं दिसलं तर हलकेच ओढून बघा. सहज सुटलं आणि लाली-सूज काहीच नसेल तर ते मरतानाचं आहे. बार्बिट्युरेट टोचून दयामरण दिलेल्या जनावराची पाणथरी (प्लीहा) मोठी दिसते. हे नोंदीत न लिहिल्यास पुढचा वाचणारा भलत्या वाटेला लागतो.

फॉर्मॅलिनचं गणित

‘१०% फॉर्मॅलिन’ म्हणजे १०% फॉर्माल्डिहाइड नव्हे. बाजारात मिळणाऱ्या ३७–४०% द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग. फॉर्माल्डिहाइड त्यात सुमारे ४% उरतं. आधीच पातळ केलेल्या बाटलीत पुन्हा पाणी घालणारे काही कमी नाहीत. लिटरभरासाठी १०० मिली फॉर्मॅलिन, ९०० मिली पाणी, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. ही फॉस्फेटं गाळली तर द्रावण आम्लधर्मी होत जातं आणि रक्ताळलेल्या ऊतकात तपकिरी-काळे कण बसतात. नवखा वाचणारा त्यांना जंतू किंवा परजीवी समजू शकतो.

तुकडा ५ मिलिमीटर, फार तर १ सेंटिमीटर जाड. द्रावण त्याच्या दहापट. पहिल्या तासात फॉर्मॅलिन जेमतेम एक मिलिमीटर आत जातं आणि पुढे वेग मंदावतो, म्हणून मुठीएवढा तुकडा आतून सडतोच. तुकडा निरोगी आणि बिघडलेल्या भागाच्या सीमेवरून घ्या. नुसत्या पूभरल्या मधल्या भागात मेलेल्या पेशींशिवाय काही मिळत नाही. आतडं सगळ्यात आधी, कारण ते सगळ्यात आधी कुजतं: ४–५ सेंटिमीटरचा तुकडा उभा उघडून, आतली बाजू न घासता, जाड कागदावर पसरून द्रावणात सोडा. फुफ्फुस तरंगतं, त्यावर गॉज ठेवा. २४ ते ४८ तासांत तुकडे नीट पक्के झाले की सगळी बरणी पाठवायची गरज नाही. फॉर्मॅलिनने भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, गळणार नाही अशा दुहेरी पिशवीत ते सुखरूप जातात. फॉर्मॅलिनमधला नमुना फ्रीझरमध्ये मात्र कधीच नको, बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात.

आणि जंतू वाढवायला पाठवायचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका. हे लिहायची गरज पडू नये, पण पडते. जंतू तपासणीला निर्जंतुक भांड्यात, प्रत्येक अवयव वेगळा, आतडं तर सगळ्यांपासून वेगळं, २ ते ८ अंशांवर. विषबाधेच्या संशयात कोठीपोटातला किंवा जठरातला ऐवज, यकृत आणि मूत्रपिंड कुठलंही रसायन न घालता, वेगवेगळं, गोठवून. घटसर्पाचा (गुरांना पाश्चुरेला जंतूमुळे होणाऱ्या आजाराचा) संशय आहे आणि शव कुजलंय, तर एक लांब हाड न फोडता पाठवा. आतला मगज बराच काळ चांगला राहतो.

रक्त आणि काचपट्टी

जांभळ्या झाकणाच्या नळीत पोटॅशियम ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असतं. तिच्यातलं थोडं रक्त लाल झाकणाच्या नळीत ओतलं की रिपोर्टात कॅल्शियम पार तळाला आणि पोटॅशियम आकाशाला. व्यायल्यानंतर खाली बसलेल्या गायीच्या बाबतीत अशा रिपोर्टवर काय उपचार होतील याचा विचार करा. कॅल्शियम कमी, पोटॅशियम अचाट आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइमही खाली असं त्रिकूट दिसलं की आधी नळी विचारा, मग गाय. नळी अर्धीच भरली तर ईडीटीए जास्त होतं, लाल पेशी आक्रसतात आणि पीसीव्ही (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) खोटं कमी येतं.

सिरम लालसर आलं तर कारण बहुधा यातलं एक: सुईतूनच जोरात पिचकारी मारली, नळी हलवली, ओली सिरिंज वापरली, किंवा गुठळी होण्याआधीच नळी बर्फात खुपसली. सुई काढून, नळीच्या कडेने सोडा. सावलीत उभी ठेवा. गुठळी आकसली की सिरम वेगळं करा. साखर मोजायची असेल तर फ्लोराइडची, करड्या झाकणाची नळी, नाहीतर पेशीच ती खात बसतात.

काचपट्टी जनावराजवळच करा. ईडीटीएत तासन्‌तास पडलेल्या रक्तात पेशींचा आकार बिघडतो. गोचीड तापासाठी बाबेसिया हा रक्तातला परजीवी शोधायचा तर कानाच्या टोकाचं रक्त घ्या, थायलेरिया या दुसऱ्या परजीवीसाठी सुजलेल्या लसिका गाठीतून सुईने काढलेला द्रव. नुसत्या रक्तावर थायलेरिया हुकू शकतो. औषध टोचल्यावर काढलेली काचपट्टी कोरी आली तर तिच्यावरून काही ठरवू नका. पट्टी हवेत झटपट वाळवून मिथेनॉलमध्ये ३ ते ५ मिनिटं. दमट हवेत हळूहळू वाळलेल्या पट्टीत लाल पेशींत चमकणारे ठिपके दिसतात. फोकस वरखाली केल्यावर ते चमकत असतील तर तो दोष आहे, ॲनाप्लाझ्मा (लाल पेशींत राहणारा जंतू) नाही.

एक साधी गोष्ट कित्येकदा सुटते: काचपट्ट्या आणि फॉर्मॅलिनची बरणी एकाच डब्यात. झाकण घट्ट असलं तरी वाफ बाहेर पडते, रक्ताच्या पट्ट्या रंग धरत नाहीत आणि निळ्या-हिरवट दिसतात. दोन वेगळे डबे, शक्यतो दोन वेगळी पार्सलं.

दूध आणि गर्भपात

कासदाहाच्या दुधात ‘मिश्र जंतू’ आले तर बहुतेक वेळा ते कासेचे नसून हाताचे आणि शेणाचे असतात. पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्या. सडाचं टोक ७०% अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, प्रत्येक सडाला नवा बोळा. पुसताना आधी पलीकडचे सड, मग जवळचे. दूध घेताना उलटं, आधी जवळचे, मग पलीकडचे, म्हणजे पुसलेल्या सडाला हात लागत नाही. नळी आडवी धरा, झाकण खाली तोंड करून बोटांत ठेवा, ५ ते १० मिली पुरे.

गर्भपातात नुसतं गायीचं रक्त पाठवून भागत नाही. वारेचा गाठी असलेला तुकडा, पडलेल्या वासराच्या चौथ्या पोटातला द्रव निर्जंतुक सिरिंजने ओढून, आणि फुफ्फुस. हे सगळं हातमोजे घालून, कारण ब्रुसेला माणसालाही लागतो.

रिपोर्ट वाचताना

‘जंतूंची वाढ नाही’ यातून चार अर्थ निघतात: जंतू नव्हते, आधी अँटिबायोटिक दिलं होतं, नमुना तापला, किंवा त्या जंतूला वेगळं माध्यम लागतं. पत्रात औषधाचं नाव आणि वेळ लिहिली असेल तरच प्रयोगशाळा यातला एक अर्थ निवडू शकते. उलट बाजूला, कुजलेल्या शवातून ई. कोलाय किंवा आतड्यातून क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स वाढला म्हणून निदान झालं असं नाही; हे तिथेच राहणारे, मेल्यावर बेसुमार वाढणारे. आंत्रविषार (या क्लॉस्ट्रिडियमच्या विषाने होणारा आजार) ठरवायला विष दाखवावं लागतं.

पॉझिटिव्हचंही गणित करून बघा. १,००० जनावरांच्या कळपात खरोखर १० बाधित आहेत आणि चाचणी ९०% बाधित पकडते, ९५% निरोगींना निरोगी म्हणते. बाधितांपैकी ९ सापडतील आणि निरोगी ९९० पैकी सुमारे ५० उगीचच पॉझिटिव्ह येतील. म्हणजे हातात आलेल्या साठेक पॉझिटिव्हपैकी खरे नऊ. दुसऱ्या प्रकारच्या चाचणीने खात्री केल्याशिवाय जनावर काढून टाकण्याचा निर्णय घेऊ नका.

एकट्या सिरममध्ये अँटिबॉडी दिसल्या तर त्या आत्ताच्या आजाराच्या की जुन्या, लसीच्या, हे कळत नाही. दुसरा नमुना २ ते ३ आठवड्यांनी घ्या आणि टायटर (अँटिबॉडींचं मोजमाप) किमान चौपट वाढलाय का ते बघा. पहिलं सिरम उणे २० अंशांवर ठेवून द्या आणि दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच किटवर लावायला सांगा. वेगवेगळ्या दिवशी लावलेल्या चाचण्यांतला फरक जनावराचा की किटचा, हे कोणीच सांगू शकत नाही.