हिस्टामीनची गांधी कधी मोठी, कधी लहान? स्किन प्रिक टेस्टमधल्या या चुका टाळा

मुलांच्या स्किन प्रिक टेस्टमध्ये, म्हणजे त्वचेवर टोचून करायच्या अ‍ॅलर्जीच्या तपासणीत, धूळकिडे, झुरळं, परागकण यांच्या थेंबांसोबत हिस्टामीनचाही थेंब टोचतो. हिस्टामीन म्हणजे अ‍ॅलर्जीत शरीर सोडतं ते द्रव्य, त्यामुळे त्याने गांधी (त्वचेवरचा फुगवटा) उठायलाच हवी. तीच धड उठली नाही, तर बाकीच्या टोचण्या 'निगेटिव्ह' म्हणून लिहून टाकणं म्हणजे मुलावर अन्याय आहे.

सगळ्यात मोठा घोळ औषधांचा. "काही औषध चालू आहे का?" असं विचारलं की आई मनापासून "नाही" म्हणते, कारण सर्दीचं सिरप तिने औषधात धरलेलंच नसतं. माझ्यासमोर एका सहा वर्षांच्या मुलाची हिस्टामीनची गांधी जेमतेम २ मिमी उठली. खोदून विचारलं, तेव्हा कळलं की आदल्या रात्री आजीने चमचाभर सिरप पाजलं होतं. त्यात क्लोरफेनिरामीन होतं, म्हणजे हिस्टामीनचा परिणाम दाबणारं औषध. टेस्ट पुढे ढकलली. तेव्हापासून मी घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगते. सेटिरिझिनसारखी याच गटातली औषधं साधारण आठवडाभर आधी थांबवावी लागतात, पण डॉक्टरांना विचारूनच. हातावर स्टेरॉइडचं मलम लावत असतील तर तेही विचारा.

जागा बदलू नका. पाठीवर गांधी हातापेक्षा मोठी उठते, त्यामुळे मागच्या वेळी हात आणि यंदा पाठ अशी तुलना करता येत नाही. तान्ह्या बाळांची गांधी मुळातच लहान असते, ती चूक नव्हे.

हिस्टामीनची गांधी १० मिनिटांच्या सुमारास भरात असते, अ‍ॅलर्जनची (धूळकिडे, परागकण वगैरेंची) १५ ते २० मिनिटांनी. सगळं एकदमच विसाव्या मिनिटाला वाचलं, तर हिस्टामीन उगाच कमी दिसतं. मोजायची ती फुगलेली गांधी, भोवतालची लाली नाही. पेनाने कडा आखा, पारदर्शक चिकटपट्टीने ठसा कागदावर घ्या, सर्वात लांब व्यास आणि त्याला काटकोनातला व्यास यांची सरासरी काढा.

आता टोचणारा आपला हात किती स्थिर आहे ते. एकाच हातावर हिस्टामीनच्या चार टोचण्या ६, ५, ७, ६ मिमी आल्या, तर सरासरी ६ आणि चढउतार (प्रमाण विचलन भागिले सरासरी) सुमारे १४ टक्के. ३, ८, ५, ८ आल्या तरी सरासरी ६च, पण चढउतार ४१ टक्के! अमेरिका-कॅनडातल्या मुलांच्या दम्यावरच्या 'कॅम्प' अभ्यासात टोचणाऱ्यांसाठी ३० टक्क्यांच्या आतची अट होती. हा सराव सहकाऱ्यांच्या हातावर करा, मुलांच्या नव्हे. रक्त आलं तर टोचणी खोल गेली. मूल रडून हात ओढत असेल, तर आधी त्याला आईच्या मांडीवर बसवा आणि मगच लॅन्सेट (टोचायची बारीक सुई) उचला.